वाळूत उमटलेला आकडा

गवत कापले की ते वाळायला दोन-तीन कोरडे दिवस लागतात, आणि ते दिवस मागून मिळत नाहीत. जूनच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात, लँकेस्टर परगण्यात, लसूणघास आणि टिमोथी गवत कमरेला लागते. आभाळ निवळले की आमिश या ख्रिस्ती पंथाचा शेतकरी दोन बेल्जियन घोडे जुंपतो आणि सत्तर-ऐंशी वर्षे जुन्या यंत्रावर बसून शेताच्या कडेने पहिला फेरा धरतो. कुठेतरी गवतात दगड लपलेला असतो. ‘कट्ट’ असा आवाज येतो, घोडे थांबतात, शेतकरी खाली उतरतो. काय मोडले आहे, यावर त्याचा पुढचा आठवडा ठरतो.

पात्याचा एखादा त्रिकोण मोडला असेल तर दहा मिनिटांचे काम. लाकडी दांडा मोडला असेल तर उलट बरे वाटावे, कारण तो मोडण्यासाठीच लाकडाचा केलेला असतो. पण चाकाजवळचा बिडाचा एखादा भाग तडकला असेल, तर ज्या कारखान्याने तो ओतला त्याने हे यंत्र बनवणे १९५० च्या सुमारास थांबवले आहे. त्या भागाचा शोध मग गोठ्यामागच्या भंगारात, मोडीच्या लिलावात आणि शेवटी एखाद्या ओतशाळेच्या दारात नेऊन सोडतो.

या यंत्राला इंजिन नाही. घोडे चालतात, लोखंडी चाके जमिनीवर फिरतात, चाकांच्या आसाची गती गियरमधून अनेक पटींनी वाढते आणि शेवटी एका छोट्या जड चक्रावर येते. त्या चक्राला जोडलेला लाकडी दांडा पुढे-मागे धावतो आणि उजव्या बाजूला जमिनीलगत पसरलेल्या पाच फुटी पट्टीतले पाते डावी-उजवीकडे सरकवतो. पाते म्हणजे एका पोलादी पट्टीवर रिव्हेटने ठोकलेल्या त्रिकोणी पात्यांची रांग, प्रत्येक त्रिकोण तीन इंच रुंद. ते ज्यांच्या फटीतून धावते ती पुढे आलेली टोकदार लोखंडी बोटे, तीही तीन-तीन इंचांवर. बोटांच्या आत कडक पोलादाची छोटी पट्टी असते. त्रिकोणाची धार आणि ती पट्टी यांच्यात गवताची काडी सापडते आणि कात्रीत सापडल्यासारखी तुटते. घोडे थांबले की पाते थांबते. घोडे मागे सरले तर चाकातले खटके दात्यांवरून ‘टक टक’ करत घसरतात आणि पाते उलटे चालत नाही. ज्याने हा आवाज लहानपणी ऐकला, त्याला तो आयुष्यभर ओळखू येतो.

लाकडी दांड्याला पिटमन म्हणतात. त्या शब्दात एक माणूस आहे. पूर्वी ओंडका चिरताना खाली खड्डा खणत. एकजण ओंडक्यावर उभा राही, दुसरा खड्ड्यात, आणि दोघे मिळून करवत ओढत. खड्ड्यातला तो पिटमन. पाणचक्कीवर चालणाऱ्या करवती आल्या तेव्हा त्याच्या जागी जो दांडा बसला, त्याला त्याचेच नाव मिळाले. गवत कापायच्या यंत्रातला दांडा हिकरीसारख्या चिवट लाकडाचा असे. तो धक्के झेलतो, आणि पाते अडकले तर बिडाचे महाग भाग फुटण्याआधी स्वतः मोडतो. शेतकरी हिवाळ्यात असे दोन-तीन दांडे घडवून भिंतीला टांगून ठेवी.

त्रिकोण आणि बोटे यांचे श्रेय ओबेड हसी या क्वेकर पंथाच्या माणसाकडे जाते. कापणी यंत्राचे पेटंट त्याने ३१ डिसेंबर १८३३ रोजी घेतले, सायरस मॅकॉर्मिकच्या पेटंटच्या सहा महिने आधी. बोटांच्या फटीत गवताचा चोथा अडकून पाते जाम होई, म्हणून वरून उघडी असलेली बोटे त्याने शोधली आणि १८४७ मध्ये त्याचेही पेटंट घेतले. धंद्यात तो मॅकॉर्मिकपुढे मागे पडला. १८६० मध्ये रेल्वेने जाताना एका स्थानकावर सहप्रवासी लहान मुलासाठी पाणी आणायला उतरला, आणि परतताना सुरू झालेल्या गाडीखाली सापडून गेला. त्याची कल्पना मात्र अजून वापरात आहे. विदर्भ-मराठवाड्यात गव्हाच्या आणि सोयाबीनच्या कापणीला जी कंबाइन हार्वेस्टर येतात, त्यांच्या समोरच्या पट्टीवर वाकून पाहिले तर हेच त्रिकोण आणि हीच बोटे दिसतील. जुनी घोड्यांची यंत्रे जगली त्यामागे हेही एक मोठे कारण आहे. जो भाग सर्वांत जास्त झिजतो, तो आजही नवा बनतो आणि दुकानात मिळतो.

१८४७ मध्येच बफेलोच्या विल्यम केचमने केवळ गवतासाठीच्या यंत्राचे पेटंट घेतले. पुढच्या दहा वर्षांत सायरेनस व्हीलर आणि कँटन, ओहायोचा लुईस मिलर यांनी यंत्राला दोन चाके दिली आणि कापायची पट्टी बिजागरीवर बसवली. त्यामुळे ती जमिनीच्या चढउताराप्रमाणे डोलू लागली आणि बांध आला की उचलून धरता येऊ लागली. हा मिलर म्हणजे थॉमस एडिसनचा पुढे झालेला सासरा. मोठ्या विळ्याने, म्हणजे दोन्ही हातांनी झोकून चालवायच्या सायथने, धडधाकट माणूस दिवसाला एक-दीड एकर गवत कापी. दोन घोडे आणि एक माणूस आता आठ-दहा एकर कापू लागले.

पण यंत्र विकत घेणे आणि यंत्र चालू ठेवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १८७० च्या दशकापर्यंत शिकागोच्या मॅकॉर्मिक कारखान्यात भाग कानशीने घासून एकमेकांना बसवण्याचीच रीत होती. बंदुकीच्या कारखान्यांत रुळलेली पद्धत, म्हणजे मापाचे साचे आणि कुठल्याही यंत्राला बसेल असा प्रत्येक भाग, तिथे नीट रुजली ती १८८० नंतर. तंत्रज्ञानाचा इतिहासकार डेव्हिड हाउन्शेल याने ही गोष्ट कागदपत्रांवरून उलगडून दाखवली आहे. त्यानंतर शेतकऱ्याच्या हातात सुट्या भागांची यादी आली. प्रत्येक बिडाच्या भागावर वर उठलेल्या अक्षरांत आणि आकड्यांत त्याची ओळख ओतलेली असे. तो आकडा गावातल्या विक्रेत्याला सांगायचा, मग भाग रेल्वेने येई. उजवा-डावा भाग कोणता, हे यंत्राच्या मागे उभे राहून ठरवायचे, हा नियमही तेव्हापासूनचा.

हे भाग कोण ओतत होते, तिकडे थोडे थांबून पाहायला हवे. बिडाचे ओतकाम म्हणजे लाकडी पॅटर्न ओलसर वाळूत दाबून, तो हळूच काढून घेऊन, राहिलेल्या पोकळीत वितळलेले लोखंड ओतणे. सांगायला दोन ओळी पुरतात, करायला वर्षे लागतात. वाळू किती ओली, किती ठोकायची, हवा निघायला वाट कुठे द्यायची, लोखंड कुठून शिरवायचे, हे साचा करणाऱ्या कारागिराच्या, मोल्डरच्या, बोटांना कळते. मॅकॉर्मिक कारखान्यातल्या मोल्डरांची संघटना मजबूत होती. १८८५ च्या वसंतात त्यांनी पगारकपातीविरुद्ध संप केला आणि जिंकला. धाकट्या सायरस मॅकॉर्मिकने मग हवेच्या दाबावर चालणारी मोल्डिंगची यंत्रे विकत घेतली आणि या कुशल कामगारांना बाहेर काढले. इतिहासकार रॉबर्ट ओझॅन यांनी हिशेब मांडून दाखवला आहे की त्या यंत्रांनी ओतलेले भाग जास्त महाग पडत आणि कमी दर्जाचे होत. तीन वर्षांनी ती काढून टाकली गेली, पण तोवर संघटना मोडली होती. माझ्या मते शेतीच्या यंत्रांच्या इतिहासातले हे सर्वांत दुःखाचे पान आहे.

पुढचे आपल्याला ठाऊक आहे, फक्त त्याचा गवताच्या यंत्राशी असलेला संबंध सहसा सांगितला जात नाही. ३ मे १८८६ रोजी याच कारखान्याच्या फाटकापाशी संपकऱ्यांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. त्याच्या निषेधाची सभा दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शिकागोच्या हेमार्केट चौकात भरली, तिथे बॉम्ब फुटला, आणि पुढे चार जणांना फाशी झाली. हेमार्केट म्हणजे वैरणीचा बाजार. त्या लढ्याच्या स्मरणातून १ मे हा कामगारांचा दिवस झाला. आपण १ मे ला महाराष्ट्र दिनाबरोबर कामगार दिन पाळतो, तेव्हा त्या मोल्डरांशीही आपले एक दूरचे नाते लागते.

१९०२ मध्ये मॅकॉर्मिक, डिअरिंग आणि आणखी तीन कंपन्या मिळून इंटरनॅशनल हार्वेस्टर झाली. बराच काळ दोन्ही घराण्यांची यंत्रे वेगवेगळी निघत, म्हणजे एकाच कंपनीचे भाग एकमेकांना बसत नसत. १९२० च्या दशकात ‘मॅकॉर्मिक-डिअरिंग’ असे जोडनाव आले. त्यानंतर ‘नंबर ७’ आले, आणि १९३० च्या दशकाच्या अखेरीस ‘नंबर ९’. या दोन्ही यंत्रांचे गियर बंद पेटीत तेलात बुडलेले असत. आधीच्या यंत्रांचे उघडे गियर धूळ आणि माती खात झिजत, यांचे झिजत नव्हते. नंबर ९ म्हणजे घोड्यांच्या यंत्रांतले सर्वांत पक्के यंत्र, असे घोड्यांनी शेती करणारे आजही सांगतात. त्याचे दुर्दैव एवढेच की ते आले तेव्हा घोडा निघाला होता. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास अमेरिकेत घोडे आणि खेचरे मिळून अडीच कोटींच्या वर होती. १९५४ मध्ये शेतांवरच्या ट्रॅक्टरांची संख्या पहिल्यांदाच त्यांच्यापेक्षा जास्त झाली.

मध्ये दुसरे महायुद्ध होऊन गेले. १९४२ मध्ये रणगाडे आणि जहाजांसाठी देशभर भंगार गोळा झाले. नेब्रास्का राज्यातली मोहीम ओमाहाच्या एका वर्तमानपत्राने चालवली आणि तिच्यासाठी त्याला पुलित्झर पारितोषिक मिळाले. शेताच्या कडेला गंजत पडलेली गवताची यंत्रे त्या ढिगांवर गेली. देशासाठी ते योग्यच होते, पण त्या ढिगांत चाके, खटके, गियरच्या पेट्या असे सुट्या भागांचे मोठे कोठार वितळून गेले. जी यंत्रे उरली, त्यांतल्या पुष्कळांची घोडे जुंपायची लांब दांडी करवतीने कापून ती ट्रॅक्टरमागे जोडली गेली. ट्रॅक्टरच्या वेगाने ओढल्यावर त्यांची हाडे खिळखिळी झाली. आज जुने यंत्र घेणारा जाणकार आधी दांडी पाहतो.

आमिश समाजाने मात्र ठरवले की शेतात घोडाच राहील. लँकेस्टरच्या आमिशांनी १९२० च्या दशकातच शेतात ट्रॅक्टर न वापरण्याचा निर्णय घेतला होता. त्यांच्या प्रत्येक मंडळीची ऑर्डनुंग म्हणजे आचारसंहिता असते. नवे काही स्वीकारायचे तर त्याने कुटुंब, शेजार आणि जमिनीचा आकार यांचे काय होईल, हे आधी विचारले जाते. ट्रॅक्टर आला की एका माणसाला शेजाऱ्याचीही जमीन लागते, हे त्यांनी लवकर ओळखले. त्यांना यंत्राचे वावडे नाही, हे मुद्दाम सांगावेसे वाटते. लेथ, प्रेस, वेल्डिंग, डिझेल इंजिनावर चालणारी हवेच्या दाबाची हत्यारे हे सगळे त्यांच्या कर्मशाळांत असते, फक्त बाहेरून तारेने येणारी वीज नसते. १९६० च्या दशकात घोड्यांची अवजारे दुकानांतून नाहीशी झाली तेव्हा त्यांच्या लोहारांनी आणि मिस्त्रींनी स्वतःच दुकाने काढली. गंमत अशी की गिऱ्हाईक कमी न होता वाढत गेले. आमिशांची लोकसंख्या दर वीस वर्षांनी जवळजवळ दुप्पट होते, आणि आज ती चार लाखांच्या आसपास आहे. जुनी यंत्रे तेवढीच राहिली आणि हात वाढले.

त्या कर्मशाळेत मोडका भाग आला की पहिला प्रश्न तो जोडता येईल का, हा असतो. पितळेने जोडता येतो. पण बीड फार ठिसूळ असते. एकाच जागी तापवले की शेजारी तडकते. म्हणून सगळा तुकडा आधी हळूहळू गरम करायचा, जोडायचा, आणि मग राखेत किंवा चुन्याच्या भुकटीत पुरून रात्रभर निववायचा. चक्राच्या आसाचे बॅबिट बेअरिंग झिजले असेल तर तेही तिथेच ओतता येते. कथील, अँटिमनी आणि तांब्याचा हा मऊ मिश्रधातू आयझॅक बॅबिटने १८३९ मध्ये काढला. धातू पुरेसा तापला का, हे पाइनची काडी बुडवून पाहतात. काडी करपली पाहिजे, पण पेटता कामा नये.

जोडणे शक्य नसेल तर नवा भाग ओतायचा, आणि इथे खरी कसोटी लागते. जुनाच भाग पॅटर्न म्हणून वाळूत दाबला तर काम सोपे दिसते, पण लोखंड थंड होताना आकसते. एका फुटाला सुमारे एक अष्टमांश इंच. म्हणजे नक्कल मूळ भागापेक्षा शेकडा एकाने लहान निघते, आणि मूळ भाग आधीच झिजलेला असतो. म्हणून पॅटर्न करणारे वेगळी पट्टी वापरतात, जिच्यावरचा फूट खऱ्या फुटापेक्षा अष्टमांश इंचाने मोठा असतो. ही पट्टी लँकेस्टरमध्ये असते तशी कोल्हापूरच्या पॅटर्न शॉपमध्येही असते. एकदा ती हातात घेतली की हे काम करणारी माणसे एकाच बिरादरीची वाटू लागतात. झिजलेल्या जागा भरून, कडा किंचित जाड करून, जिथे यंत्रकाम व्हायचे तिथे माल सोडून, जुन्या भागाला पुन्हा तरुण करावे लागते. गियरचे दाते तर झिजलेल्या नमुन्यावरून कधीच ओतू नयेत. ते मोजून, हिशेब करून, कापावे लागतात.

लोखंडाची जातही जुळवावी लागते. दगडाचा मार खाणारी ती पुढची बोटे साध्या बिडाची नव्हती. ती मॅलिएबल बिडाची असत. हे तंत्र सेथ बॉयडनने १८२६ मध्ये न्यूअर्कमध्ये साधले. कडक पांढरे बीड ओतायचे आणि मग भट्टीत कित्येक दिवस मुरवायचे, म्हणजे ते फुटण्याऐवजी वाकते. एवढे दिवस भट्टी पेटती ठेवणे पुढे परवडेनासे झाले. १९४० च्या दशकात मॅग्नेशियम घालून चिवट बीड करण्याची रीत निघाली, आपल्याकडच्या ओतशाळांत ज्याला एसजी म्हणतात ते. नव्या बोटांना ते चालते, काही जण घडीव पोलादाची बोटेही करतात.

आपल्याकडे सुट्या भागांचा हाच प्रश्न वेगळ्या रूपात आला होता. १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानातल्या कुंडलच्या माळावर कारखाना हलवला, तेव्हा त्यांच्या मालात कडबा कापायचे यंत्र आणि लोखंडी नांगर होता. लाकडी नांगर मोडला तर गावचा सुतार आणि लोहार बलुत्यात दुरुस्त करून देत. लोखंडी नांगराचा फाळ झिजला की नवा कुठून आणायचा, या प्रश्नाचे उत्तर असल्याशिवाय नांगर खपणार नव्हता. ओतशाळा जवळ हवी ती यासाठी.

गवताच्या यंत्राला नवा भाग बसला म्हणजे काम संपत नाही. घोडे थांबलेले असताना पट्टीचे बाहेरचे टोक आतल्या टोकापेक्षा इंचभर पुढे हवे, कारण चालताना गवताच्या दाबाने ते मागे रेटले जाते. दांड्याच्या प्रत्येक फेरीअखेर त्रिकोणाचे टोक बोटाच्या बरोबर मध्यावर यायला हवे. हे चुकले तर गवत कापण्याऐवजी चिरडले जाते, यंत्र एका बाजूला ओढते, आणि त्याची किंमत घोड्याचा खांदा देतो. चांगला मिस्त्री म्हणून यंत्र देताना आधी घोड्यांच्या गळपट्ट्याखालची कातडी पाहतो. लिन मिलर यांनी ओरेगनमधून १९७६ मध्ये घोड्यांनी शेती करणाऱ्यांसाठी नियतकालिक सुरू केले आणि पुढे गवताच्या यंत्रांवर अख्खे पुस्तक लिहिले. ते लिहिले कारण हे बारकावे कंपनीच्या जुन्या पुस्तिकांबरोबर नाहीसे होत चालले होते. १९९४ पासून घोड्यांच्या नव्या अवजारांचे प्रदर्शनही दरवर्षी भरते, आणि तिथे अगदी नवी कोरी गवताची यंत्रे शेतात चालवून दाखवतात.

इंटरनॅशनल हार्वेस्टरचा शेती विभाग १९८५ मध्ये विकला गेला. नाव दुसऱ्या नावात मिसळले. तरीही ओतशाळेत जुना भाग वाळूत दाबला जातो तेव्हा त्याच्यावरची उठावदार अक्षरेही वाळूत उतरतात. लोखंड ओतले जाते, लाल होते, करडे होते. मोल्डर पेटी फोडतो, तुकडा ब्रशने झाडतो, उजेडात धरतो. कडा नव्या असतात, आणि पाठीवर, किंचित पुसट, शिकागोच्या कारखान्याने दिलेला आकडा उमटलेला असतो. शेतकरी तो भाग घोंगडीत गुंडाळून बग्गीत ठेवतो. आभाळ अजून कोरडे असते.